सामन्याच्या दिवशी मुलीचे लांब केस कसे बांधावेत?

फुटबॉल खेळताना मुलीची पोनी अर्ध्यातच सुटते, असं तुम्ही लिहिलंय. तिला दोन सागरवेण्या घाला. कपाळापासून थोडे थोडे केस घेत, डोक्याला धरून मानेपर्यंत गुंफायचं. पुढच्या आखूड बटाही आत अडकतात, डोळ्यांवर येत नाहीत. मात्र कपाळाची कातडी ताणेल इतकं ओढू नका. सतत तसं केल्याने कडेचे केस खरंच विरळ होतात, आणि हे फार जणी उशिरा लक्षात घेतात. हेल्मेटचा खेळ असेल तर उंच पोनी किंवा अंबाडा नको, हेल्मेट नीट बसत नाही; मानेपाशी एक वेणी पुरे. धातूच्या पिना अजिबात नकोत, पडल्यावर टोचतात. कापडी रबर घ्या. सामना संपला की वेण्या लगेच सोडा, घामाने भिजलेले केस मोकळे वाळू द्या.