‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ : खाणींची पाने गाळून वाचू नका

आपण लिहिले आहे की डी. एच. लॉरेन्सची ही कादंबरी अर्ध्यापर्यंत वाचून आपला विरस झाला, कारण जिच्यासाठी ती गाजली ती प्रणयवर्णने मोजकीच आहेत आणि कोळशाच्या खाणी, मजूर व मालक यांच्याविषयीची चर्चा मात्र पानेच्या पाने चालते; शिवाय युद्धात जायबंदी झालेल्या नवऱ्याशी प्रतारणा करणाऱ्या कॉनीविषयी आपल्याला सहानुभूती वाटत नाही. बाकीचा भाग सोडून केवळ गाजलेले प्रसंग वाचावेत का, असे आपण विचारले आहे. तसे मुळीच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खाणींची पाने वाचल्याखेरीज त्या प्रसंगांना अर्थच उरत नाही.

आधी क्लिफर्डविषयी, म्हणजे कॉनीच्या त्या नवऱ्याविषयी. त्याच्या पांगळेपणाचा लॉरेन्सने प्रतीक म्हणून केलेला वापर मलाही खटकतो, आणि आपल्या आक्षेपाचा तेवढा भाग मी मान्य करतो. परंतु कॉनी त्याच्यापासून दुरावते ती तो अधू झाला म्हणून नव्हे. दुसऱ्या कोणापासून तुला मूल झाले तर रॅग्बीच्या वाड्याला वारस मिळेल, असे तो स्वतःच तिला पाचव्या प्रकरणात सुचवतो, आणि हे सुचवताना त्या मुलाच्या बापाविषयी किंवा कॉनीच्या मनाविषयी त्याला काहीही कुतूहल नसते.

तेरावे प्रकरण मात्र अगदी सावकाश वाचा. क्लिफर्ड मोटर बसवलेल्या खुर्चीतून कॉनीबरोबर रानात निघाला आहे. मजुरांवर राज्य करणे हे आपल्या वर्गाचे कामच आहे, असे तो तिला समजावून सांगतो आणि खुर्चीची चाके ब्लूबेलची फुले चिरडत जातात. चढावर खुर्ची अडते. तिला हात लावू नका, ती आपोआप चढेल, असा त्याचा हट्ट आहे. अखेर मेलर्स या रानराख्याला, म्हणजे कॉनीच्या प्रियकराला, ती ढकलावी लागते. न्यूमोनियाने अशक्त झालेला तो माणूस धापा टाकू लागतो, तेव्हा कॉनी स्वतः पुढे होऊन त्याच्याबरोबर ढकलते. घरी परतल्यावर ती नवऱ्याला याचा जाब विचारते, तेव्हा आपण त्याला आठवड्याला दोन पौंड आणि राहायला घर देतो, एवढेच त्याचे उत्तर असते. इथे प्रणयाचा मागमूसही नाही, पण कॉनीचे लग्न कुठे आणि कसे मोडले, हे मला या प्रकरणात जितके स्वच्छ दिसले तितके अन्यत्र कुठेही दिसले नाही. लॉरेन्स स्वतः नॉटिंगहॅमशायरमधल्या ईस्टवुड गावच्या खाणकामगाराचा मुलगा होता. म्हणूनच टेव्हरशॉल या कादंबरीतल्या खाणगावाची काजळलेली घरे आणि मिसेस बोल्टन या खाणकामगाराच्या विधवेचे बोलणे इतके खरे उतरले आहे.

आता प्रणयप्रसंगांकडे येऊ. बऱ्याच कामुक प्रेमकथांत असे प्रसंग उचलून कुठेही ठेवले तरी कथेला धक्का लागत नाही. इथे प्रत्येक प्रसंगाला स्वतःची जागा आहे. पहिल्याच्या आधी कॉनी खुराड्यापाशी गुडघे टेकून फेझंट पक्ष्याचे इवलेसे पिल्लू ओंजळीत धरते आणि तिला रडू कोसळते. मेलर्स जवळ येतो तो तिचे अश्रू पाहून. पुढे एकदा त्याच्या मिठीत असतानाच तिला तो सारा प्रकार हास्यास्पद वाटतो, आपण प्रेमच करू शकत नाही या विचाराने ती हुंदके देते, आणि त्यानंतर त्यांच्यातली जवळीक खरी होते. शरीरसुखाच्या वर्णनात नायिकेचा संकोच, अलिप्तपणा आणि कंटाळासुद्धा इतक्या प्रामाणिकपणे नोंदवणारे लेखक फार थोडे.

निवडक पाने वाचण्याच्या पद्धतीने या पुस्तकाचे पूर्वी पुष्कळ नुकसान केले आहे. ब्रिटनमध्ये अश्लीलतेविषयीच्या १९५९ च्या कायद्याने पुस्तक समग्र विचारात घेणे बंधनकारक केले. १९६० साली ही कादंबरी छापल्याबद्दल पेंग्विन या प्रकाशनसंस्थेवर खटला झाला, ज्यूरीने ते आधी वाचून काढले आणि प्रकाशकाला निर्दोष ठरवले. आपल्याकडे ही कादंबरी विकल्याबद्दल मुंबईतील एका पुस्तकविक्रेत्यावर भारतीय दंडविधानाच्या अश्लीलतेविषयीच्या कलम २९२ खाली खटला झाला. रणजित उदेशी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६४ मध्ये न्यायालयाने १८६८ च्या इंग्रजी निकालातील हिक्लिन कसोटीचा, म्हणजे सुट्या उताऱ्यांवरूनही पुस्तक अश्लील ठरवू देणाऱ्या कसोटीचा, आधार घेऊन शिक्षा कायम केली. ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ या कथेवरही असाच खटला झाला होता, १९६९ मध्ये काकोडकर सर्वोच्च न्यायालयातून निर्दोष सुटले. हिक्लिन कसोटी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बाजूला सारली ती थेट २०१४ मध्ये.

कादंबरी निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. उत्तरार्धात मेलर्स प्रवचनकार होतो. आपल्या पूर्वायुष्यातील स्त्रियांविषयी, विशेषतः पत्नी बर्था हिच्याविषयी, तो जे बोलतो ते कठोर आणि अन्यायकारक आहे, आणि त्या स्त्रियांची बाजू मांडायला लेखकाने कोणालाही ठेवलेले नाही. स्त्रीने सुखासाठी स्वतः पुढाकार घेणे त्याला सहन होत नाही, आणि लॉरेन्सचाही कल तिकडेच दिसतो. कॉनीचे मन इतके जाणणाऱ्या लेखकाने इथे मात्र कान बंद करून घ्यावेत, याचे मला दरवेळी वाईट वाटते.

आपल्या हाती कोणती आवृत्ती आहे, तेही तपासून पाहा. लॉरेन्सने ही कादंबरी तीनदा लिहिली. १९२८ साली फ्लॉरेन्समध्ये खासगीरीत्या छापली गेली ती तिसरी. पहिल्या दोन खर्ड्यांत रानराख्याचे नाव पार्किन असे आहे. लेखकाच्या मृत्यूनंतर १९३२ मध्ये आलेली काटछाट केलेली आवृत्ती टाळा, कारण तिच्यात चर्चा राहिली आहे आणि ज्या जवळिकीमुळे त्या चर्चेला धार येते तीच कापली गेली आहे.