बसकाका स्वभावाने चांगले आहेत, पण बस भरधाव चालवतात

‘माझी मुलगी पुण्यातील एका शाळेत दुसरीत आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो, त्यामुळे ती शाळेच्या बसने जाते-येते. गेल्या महिन्यात ऑफिसला जाताना योगायोगाने तिची बस माझ्या स्कूटरच्या पुढे आली. चालकाच्या एका हातात मोबाइल होता, पुढचा यू-टर्न वाचवण्यासाठी त्यांनी बस सरळ उलट्या दिशेने घातली आणि स्टॉपवर मुले पायरी चढतात न चढतात तोच बस हलली. मुलीला विचारले, तर ती म्हणाली, “काका दुसऱ्या बसशी रेस लावतात, खूप मज्जा येते.” पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी हे लिहिले, तेव्हा दोघींनी मला खासगीत “आम्हालाही हेच वाटते” असे कळवले, ग्रुपवर मात्र कोणी अवाक्षर काढले नाही. माझे पती म्हणतात, “उगाच वाकड्यात शिरू नकोस, उद्या आपल्याच मुलीवर राग काढतील.” शिवाय हे काका माणूस म्हणून चांगले आहेत. मागच्या पावसाळ्यात रस्ता तुंबला होता, तेव्हा त्यांनी तिला उचलून पाण्यातून सोसायटीच्या दारापर्यंत आणून सोडले होते. माझ्या तक्रारीमुळे त्यांची नोकरी गेली तर? – एक आई, पुणे’

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मुलीला पाण्यातून उचलून आणणाऱ्या माणसाबद्दल तुम्हाला कृतज्ञता वाटते, हे अगदी स्वाभाविक आहे आणि तक्रार केल्यानेही ती कमी होण्याचे कारण नाही. मात्र माणूस मायाळू असणे आणि त्याने गाडी नीट चालवणे या दोन निरनिराळ्या बाबी आहेत. तुम्ही त्या एकत्र केल्यामुळे, तक्रार करणे म्हणजे कृतघ्नपणा, असे तुम्हाला वाटू लागले आहे. तुमची तक्रार त्यांच्या स्वभावाविषयी नसून, तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या तीन कृतींविषयी आहे: हातातील मोबाइल, उलट्या दिशेने घातलेली बस आणि मुले बसण्याआधी सोडलेला ब्रेक. पत्र लिहाल तेव्हा या तीन कृतींच्या पलीकडे जाऊ नका. रेसची गोष्ट मुलीच्या सांगण्यावरून आलेली आहे, तेव्हा तिची चौकशी शाळेने करावी एवढेच म्हणावे.

आता हे असे का घडते, याचाही थोडा विचार करू. पुष्कळ ठिकाणी शाळेची बस ही प्रत्यक्षात ठेकेदाराची असते आणि सकाळच्या सत्राची मुले उतरली की तीच बस दुसऱ्या सत्राच्या किंवा दुसऱ्याच शाळेच्या फेरीला लागते. दोन फेऱ्यांमध्ये जेवढा वेळ कागदावर ठेवलेला असतो, तो एका सिग्नलला किंवा रस्त्याच्या खोदकामात संपून जातो आणि उरलेली भरपाई चालक वेग वाढवून, उलट्या दिशेने घुसून किंवा स्टॉपवरचे काही सेकंद कापून करतो. शाळेच्या दारात उशिरा पोहोचलेल्या बसबद्दल त्याला बोलणी खावी लागतात, वेळेत पोहोचलेल्या भरधाव बसबद्दल मात्र कोणी काही विचारत नाही. त्यामुळे या काकांना काढून त्यांच्या जागी दुसरा चालक आणला आणि वेळापत्रक तेच राहिले, तर तुमच्या हाती काहीही लागणार नाही. ‘फेऱ्यांच्या वेळा तपासून या मार्गासाठी पुरेसा वेळ द्यावा’ ही मागणी तुमच्या पत्रात असलीच पाहिजे, आणि चालकाच्या नोकरीची जी काळजी तुम्हाला लागली आहे, तिच्यासाठी तुम्हाला करता येण्यासारखी गोष्टही हीच आहे. त्यांना कामावरून काढले जाणारच नाही, अशी हमी मी देऊ शकत नाही.

मोबाइलबाबत मात्र वेळापत्रकाची सबब चालणार नाही. वाहन चालवताना मोबाइल हातात धरून वापरणे हे मोटार वाहन कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीपासून धोकादायक वाहन चालवण्यातच मोडते. तरीही एक प्रश्न विचारते: त्या वेळी पलीकडून कोण बोलत होते? शाळेच्या बसच्या चालकाला सकाळी येणारे बरेचसे फोन ‘काका, कुठे आलात?’ आणि ‘काका, दोनच मिनिटे, बूट घालतेय’ असे पालकांचेच असतात. चालत्या बसच्या चालकाला कोणीही फोन करायचा नाही, जे काही असेल ते बसमधील मावशींना कळवायचे, एवढा एकच ठराव तुम्ही ग्रुपवर मांडून पाहा. त्यात कोणावरही आरोप नसल्यामुळे आज गप्प बसलेली मंडळीसुद्धा होकाराचा अंगठा टाकतील, आणि त्यातून पुढच्या सह्या कोणाकोणाकडून मिळतील याचाही तुम्हाला अंदाज येईल.

चालकाशी स्टॉपवर बोलावे का, असा विचार तुमच्या मनात येईल. मुलांसमोर आणि घाईच्या वेळी तो विषय काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे एक तर वादावादी होते किंवा चार दिवस टिकणारे आश्वासन मिळते. त्यासाठी रीतसर जागा आहे. महाराष्ट्रात शाळेच्या बसगाड्यांसाठी 2011 साली स्वतंत्र नियम करण्यात आले आणि त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असणे बंधनकारक आहे. मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात आणि पालक-शिक्षक संघाचा प्रतिनिधी, पोलीस आणि परिवहन खात्याचे अधिकारी हेही तिच्यात असतात. ही समिती पुष्कळ शाळांमध्ये केवळ फाइलमध्ये नांदते. म्हणूनच तुमचे पत्र अध्यक्ष या नात्याने मुख्याध्यापकांच्या नावे असू द्या, त्यात बसचा क्रमांक, तारीख, वेळ आणि ठिकाण लिहा, समितीची मागील बैठक केव्हा झाली आणि पुढची केव्हा आहे ते विचारा आणि दुसऱ्या प्रतीवर शाळेच्या कार्यालयाचा शिक्का मारून पोच घ्या. बसचा क्रमांक हाताशी आहेच, तर एमपरिवहन अॅपवर तिचे योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि पीयूसी यांच्या मुदतीही पाहून ठेवाव्यात. पुरावा म्हणून स्कूटर चालवता चालवता बसचे चित्रीकरण करण्याच्या फंदात मात्र कृपा करून पडू नका.

तुमच्या पतींची भीती मला अनाठायी वाटत नाही. एकटीच्या सहीचे पत्र ‘त्या अमुकच्या आईचे’ होते, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार केली त्याच्याच बसमध्ये मुलीला रोज बसायचे असते. म्हणून खासगीत कळवणाऱ्या त्या दोघींना प्रत्यक्ष भेटा आणि तिघींच्या सहीने पत्र द्या. त्यात मुलांची नावे किंवा इयत्ता लिहिण्याची गरज नाही. त्याच पत्रात, काही दिवस पालकांपैकी एकाला बसमधून प्रवास करू द्यावा, अशी विनंतीही करता येईल. मात्र ‘वाकड्यात शिरू नये’ हा सल्ला मला मान्य नाही. 18 नोव्हेंबर 1997 रोजी दिल्लीत वझिराबाद पुलाचा कठडा तोडून शाळेची बस यमुनेत कोसळली आणि 28 मुले दगावली. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाला शाळेच्या बसचालकांसाठी निर्देश द्यावे लागले. अशा घटनेच्या आधी शाळेला लेखी सांगणारे पालक असणे, हे वाकड्यात शिरणे कसे होईल?

आठ-दहा दिवसांत उत्तर आले नाही, तर पोच घेतलेल्या प्रतीची झेरॉक्स जोडून प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे आणि वाहतूक पोलिसांकडे अर्ज करावा. पुण्याचे परिवहन कार्यालय संगम पुलाजवळ आहे. रस्त्यावर एखादे दिवशी चालक नशेत असल्यासारखा वाटला, तर मात्र अर्जविनंत्यांची वाट न पाहता थेट 112 क्रमांकावर फोन करावा.

मुलीला रेसची मजा वाटते म्हणून तिला रागावू नका आणि रोज घरी आल्यावर ‘आज काकांनी काय केले’ अशी उलटतपासणीही घेऊ नका, कारण सात वर्षांच्या मुलीला हेरगिरीचे काम देणे बरे नाही. तिला दोन सवयी लावा. बस पूर्ण थांबेपर्यंत आसनावरून उठायचे नाही, आणि उतरल्यावर बसच्या पुढून रस्ता ओलांडायचा नाही, कारण काचेच्या अगदी खाली उभे असलेले लहान मूल उंच बसलेल्या चालकाला दिसतच नाही. मुलांना उतरवून रस्त्याच्या कडेला नेणे हे मावशींचे काम आहे. त्या खाली उतरतात की दारातूनच हात दाखवतात, हेही पाहा आणि त्या उतरत नसल्यास पत्रात लिहा.

शाळेचे उत्तर येईपर्यंत तिला बसने पाठवावे की नाही, हे तुम्ही विचारले नसले तरी पत्राच्या ओळीओळीत तो प्रश्न आहे. तुम्ही जे पाहिले ते एकदाच पाहिले आहे की त्या दोघींनीही स्वतंत्रपणे पाहिले आहे, हे आधी त्यांना विचारून घ्या. त्यांनीही पाहिले असेल, तर तिन्ही घरांनी आळीपाळीने मुलांना सोडण्याची व्यवस्था करावी, महिनाभर ओढाताण झाली तरी चालेल. फक्त बस सोडून, आठ मुले कोंबलेल्या रिक्षाकडे वळू नका.