ड्राइव्हचं अक्षर पीसीचं नसतं, लॉगिनचं असतं

प्रश्न थोडक्यात असा: अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, ऑफिसात एक पीसी, सकाळी त्यावर अकाउंट्सवाले आणि संध्याकाळी डिस्पॅचवाले. विंडोजची खाती वेगळी. सर्व्हरवरचं हिशेबाचं फोल्डर एच आणि पॅकिंगचं पी ड्राइव्ह म्हणून आपोआप यावं, ज्याचं त्यालाच. त्यासाठी तुम्ही टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय) ॲडमिन खात्यावर, 'ॲट स्टार्टअप'ला म्हणजे पीसी सुरू होताना, बॅच फाइल (कमांड लिहिलेली साधी फाइल) लावली. टास्क यशस्वी दाखवतो, ड्राइव्ह मात्र कुणालाच दिसत नाही.

चालतंय की ओ ते! फक्त ॲडमिनच्या त्या न दिसणाऱ्या सेशनमध्ये. नेटवर्क ड्राइव्हचं अक्षर लॉगिन सेशनला बांधलेलं असतं, त्यामुळे एकाच्या सेशनमधला ड्राइव्ह दुसऱ्याला दिसत नाही. कुणी सांगेल की टास्क 'सिस्टिम' खात्यावर चालवा. तसं केलं तर अक्षर सगळ्यांच्याच खात्यात डोकावतं, म्हणजे तुम्हाला नको तेच.

म्हणून ट्रिगर, म्हणजे टास्क कधी सुरू व्हावा ते, बदला: 'ॲट लॉग ऑन', कोणताही युजर. टास्क कुणाच्या नावावर, तिथे ॲडमिनऐवजी 'युजर्स' हा ग्रुप निवडा. मग जो लॉगिन करेल त्याच्याच नावावर फाइल चालेल. 'हायेस्ट प्रिव्हिलेजेस'ची खूण काढून टाका. ती ठेवली आणि एखाद्याचं खातं ॲडमिन असलं, तर ड्राइव्ह त्याच्या वरच्या अधिकाराच्या सेशनमध्ये जोडला जातो आणि एक्सप्लोररमध्ये पुन्हा शुकशुकाट.

बॅच फाइलमध्ये युजरनेम तपासा आणि त्याप्रमाणे 'नेट यूज' ही ड्राइव्ह जोडणारी कमांड चालवा. पर्सिस्टंट 'नो' ठेवा. 'येस' ठेवलं की विंडोज जुनी जोडणी युजरच्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदीत) लक्षात ठेवतं, आणि पुढच्या लॉगिनला बॅच फाइल तेच अक्षर मागायला गेली की एरर ८५, म्हणजे अक्षर आधीच वापरात. आत्तापर्यंतच्या खटपटीत अशा जोडण्या राहिल्या असतील, तर त्या एकदा प्रत्येक खात्यातून काढून टाका.

फाइलमध्ये पासवर्ड लिहू नका, ती कुणीही नोटपॅडमध्ये उघडेल. डोमेन (सगळ्या पीसींची खाती एकाच सर्व्हरवरून सांभाळणारी व्यवस्था) नसेल तर सर्व्हरवर त्याच नावाची, त्याच पासवर्डची खाती बनवा, पासवर्ड विचारलाच जाणार नाही. बिनपासवर्डचं गेस्ट शेअरिंग विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून तसंही अडतं.

लाईट जाऊन आली की पीसी आधी उठतो, सर्व्हर मागाहून, आणि एरर ५३ येते, म्हणजे सर्व्हरचा पत्ता सापडत नाही. ठरावीक सेकंदांचा डिले लावण्यापेक्षा सर्व्हरचं फोल्डर दिसेपर्यंत थांबून पुन्हा बघणारा लूप टाका. मात्र त्याला काहीतरी मर्यादा ठेवा, नाहीतर सर्व्हर बंद असलेल्या दिवशी तो फिरतच बसेल.

पीसी आठ-दहा झाले आणि डोमेन असलं तर बॅच फाइल सोडा. ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमध्ये (डोमेनच्या सगळ्या पीसींना एका जागेवरून सेटिंग देण्याची सोय) 'ड्राइव्ह मॅप्स' आहे, त्यात सिक्युरिटी ग्रुपप्रमाणे अक्षर देता येतं. विंडोजची होम एडिशन डोमेनला जोडता येत नाही, तेवढं खरेदीच्या वेळी बघा.

आणि एच दिसला नाही म्हणजे डिस्पॅचवाल्याला हिशेब बंद झाला असं समजू नका. ॲड्रेस बारमध्ये सर्व्हरचं नाव टाकून तो थेट जाऊ शकतो. हिशेबाच्या फोल्डरच्या 'सिक्युरिटी' टॅबमध्ये फक्त अकाउंट्सचा ग्रुप ठेवा, 'एव्हरीवन' काढा. ते काम मी असतो तर बॅच फाइलच्या आधी केलं असतं.