फिश टँकमध्ये पाणी कोणतं घालावं: नळाचं, बोअरचं की आरओचं?

तुमची 60 लिटरची नवी टाकी आहे, घरात नळ, बोअर आणि आरओ तिन्ही आहेत आणि मासे अजून आणलेले नाहीत. हे शेवटचं वाचून बरं वाटलं. बहुतेक जण मासे पिशवीत तरंगत असताना हा प्रश्न विचारतात.

नळाचं वापरा, क्लोरिन काढून. नुसतं आरओचं अजिबात नको.

मी सुरुवातीला आरओचंच भरलं होतं. आपल्याला चांगलं ते माशांना चांगलं, एवढाच हिशोब. महिन्याभरात मॉली पंख अंगाला चिकटवून एकाच जागी डुलायला लागल्या. शेपटी हलतेय, पण मासा पुढे सरकत नाही. औषधं टाकून झाली, फरक शून्य. शेवटी केएचचं किट आणलं. नळीत 5 मिली पाणी घेऊन थेंब थेंब टाकत जायचं. पाणी आधी निळं होतं आणि ज्या थेंबाला पिवळं पडेल तो तुमचा केएच. माझं पहिल्याच थेंबाला पिवळं!

केएच म्हणजे पाण्यातले कार्बोनेट, पीएचला लागलेला टेकू. मासे सोडतात त्या अमोनियाचं जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यात आम्ल तयार होतं आणि ते केएच जिरवतो. तोच नसेल तर पीएच घसरत जातो आणि मग ते जिवाणूही ढेपाळतात. त्यात मॉलीला कॅल्शियम, मॅग्नेशियमवालं जड पाणी लागतं, आणि आरओ नेमकं तेच काढून टाकतो. डिस्टिल्ड पाण्याचंही असंच.

नळाच्या पाण्यात अडचण क्लोरिनची. तो कल्ले भाजतो आणि फिल्टरमधले जिवाणू मारतो. उघड्या बादलीत 24 तास ठेवलं की साधा क्लोरिन उडून जातो, पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन (क्लोरिन आणि अमोनियाचं संयुग) असतं आणि ते असं जात नाही. म्हणून डीक्लोरिनेटर टाकाच. साध्या डीक्लोरिनेटरमधल्या सोडियम थायोसल्फेटने क्लोरामाइन फुटतं खरं, पण मागे अमोनिया उरतो. त्यामुळे बाटलीवर अमोनियाचाही उल्लेख असलेलं घ्या. पाणी थेट टाकीत सोडणार असाल तर डोस पूर्ण टाकीच्या हिशोबाने, बादलीत तयार करणार असाल तर बादलीपुरता.

बोअरचं वाईट नसतं. बहुधा जड असतं, इतकंच. मात्र ताज्या उपशात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो. बादलीत एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडून रात्रभर ठेवा, पीएच सकाळी मोजा. रात्रीचा आणि सकाळचा आकडा वेगळा आला तर किटला दोष देऊ नका, सकाळचा खरा. घरात सॉफ्टनर असेल तर पाणी त्याच्या आधीच्या नळाचं घ्या. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घालतो.

टीडीएस मीटरवर फार विसंबू नका. क्षार एकूण किती ते तो सांगतो, कोणते ते नाही. जीएच (कॅल्शियम, मॅग्नेशियममुळे येणारा जडपणा) आणि केएच मोजा, आणि मासे त्या आकड्यांवरून निवडा. पाण्याला माशाजोगं करण्यापेक्षा पाण्याजोगा मासा आणणं कितीतरी सोपं. जीएच 10च्या पुढे असेल तर गप्पी, मॉली, प्लॅटी मजेत राहतात. निऑन टेट्रा हवेतच असतील आणि पाणी जड असेल, तर मात्र आरओ कामाचं: जीएच 16 असलेल्या पाण्यात तेवढंच आरओ मिसळलं की साधारण 8 होतो. पण मग दर आठवड्याला पाणी बदलताना तेच प्रमाण पाळायचं. आज अर्धं-अर्धं, पुढच्या वेळी कंटाळा आला म्हणून सगळं नळाचं, हे माशांना सोसत नाही.

नळ आणि बोअर दोन्ही मोजून बघा आणि आकडे कळवा. टाकी सायकल व्हायला, म्हणजे अमोनियाचं नायट्रेट करणारे ते जिवाणू पुरेसे वाढायला, 4 ते 6 आठवडे लागतीलच, तेवढ्यात मासे ठरवू.