प्रयत्न कमी पडले की प्रार्थना?

आमच्या बेने इस्राएल या मराठी ज्यू समाजातील श्रद्धाळू माणसे अपयश घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा बहुतेकांच्या बोलण्यात एकच काळजी पुन्हा पुन्हा डोकावते : माझे प्रयत्न कमी पडले की माझी प्रार्थना? ठाण्यातील एका गृहस्थांची हकीकत त्यासाठीच सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील अर्थातच बदलले आहेत.

कर्ज काढून सुरू केलेला त्यांचा केटरिंगचा व्यवसाय बुडाला होता. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, ते काम बंद ठेवत, पण मनातली आकडेमोड थांबत नसे. एलियाहू हन्नबी या संदेष्ट्याच्या नावाने आमच्याकडे मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा प्रसाद, करतात; त्याचाही उल्लेख त्यांनी केला.

"एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिद्याचा नवस बोललो, पहाटे चारला उठून राबलो. तरी बुडालो, म्हणजे खोट माझ्यातच असणार."

"आणि धंदा चालला असता तर?"

"तर देवाने ऐकलं असं म्हटलं असतं."

"म्हणजे यश देवाचं आणि अपयश मात्र तुमच्या एकट्याचं?"

ते गप्प झाले. पुढच्या भेटीत मी त्यांना तालमूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथाच्या निद्दा या भागातील एक संवाद वाचून दाखवला. अलेक्झांड्रियाचे लोक रब्बी, म्हणजे धर्मगुरू, यहोशुआ बेन हनन्या यांना विचारतात, माणसाने श्रीमंत होण्यासाठी काय करावे? व्यापार वाढवावा आणि सचोटीने करावा, असे रब्बी सांगतात. पुष्कळांनी तसे केले, पण उपयोग झाला नाही, असे लोक म्हणतात, तेव्हा रब्बी उत्तर देतात की, मग संपत्ती ज्याची आहे त्याच्याकडे दया मागावी. मग व्यापाराचा सल्ला दिलाच कशाला? त्यावर तालमूदचा निर्वाळा असा, की एकावाचून दुसरे पुरेसे नाही.

"बघा, माझं काहीतरी अपुरंच पडलं," ते लगेच म्हणाले.

"पुन्हा वाचा. दोन्ही केलं की पुरतंच, असं कुठे लिहिलंय?"

त्यांनी ती ओळ बोटाने दोनदा वाचली आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, "म्हणजे दोन्ही मनापासून करूनही मिळणार नाही, असं होऊ शकतं. मग हा माझ्याविरुद्धचा निकाल नाही."

इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मी मोजकेच पाहिले आहेत, आणि ते वाक्य त्यांचे त्यांनाच सुचले याचे मला आजही समाधान वाटते. माझा कल विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे आहे. घटनेपेक्षा घटनेला आपण लावलेला अर्थ माणसाला अधिक छळतो, असे ती मानते. फळ मिळाले नाही म्हणजे आपण नालायक ठरलो, हा अर्थ या गृहस्थांनी धर्माच्या नावाने लावला होता, पण धर्मग्रंथ तसे म्हणत नव्हता. तालमूदच्याच मेगिल्ला या भागात तर 'श्रम केले आणि सापडले' यावर विश्वास ठेवावा हे तत्त्व तोरा या पवित्र धर्मशास्त्राच्या अभ्यासापुरते राखून, व्यापारातील यश हे स्वर्गातून आलेले साहाय्य असल्याचे स्पष्ट सांगितले आहे.

अशा काळजीने ग्रासलेल्यांना मी दोन गोष्टी सुचवते. पहिली, घडून गेलेल्या गोष्टीसाठी प्रार्थना करत बसू नये. मिश्ना, म्हणजे तालमूदचा मूळ गाभा, तिला व्यर्थ प्रार्थना म्हणते, आणि गावातून आक्रोश ऐकू आल्यावर 'हे माझ्या घरात नसो' असे मागणाऱ्या वाटसरूचे उदाहरण देते. प्रार्थना उद्याच्या कामासाठी करावी आणि ते काम आज सुरू करावे. दुसरी, प्रयत्नांना सीमा असावी. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आपल्या पूर्वजांना शेजारी शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा थांबत असे. आठवड्यातील एक दिवस हात थांबवण्याची आज्ञाच असेल, तर सगळा भार माणसाच्या हातांवर टाकलेला नाही, हे उघड आहे. तेव्हा त्या दिवशी हिशेबाची वही मनातही उघडू नये.

त्या गृहस्थांनी कर्जाच्या हप्त्यांची मुदत बँकेकडून वाढवून घेतली आणि दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली. मलिदा मात्र करावा का, असे त्यांनी शेवटच्या भेटीत विचारले. मलिदा आपल्याकडे नवसफेडीइतकाच आभारासाठीही होतो, तेव्हा कशाचे आभार मानायचे हे तुम्हीच ठरवा, असे मी म्हणाले, आणि त्यांनी तो पुढच्याच महिन्यात केला.