कार्तिकात कोणता वेल काढावा आणि कोणता ठेवावा

पुण्यातील आपल्या गच्चीवर जूनमध्ये लावलेले दोडका, काकडी आणि भेंडी दिवाळीनंतर पिवळे पडले आहेत, वालाच्या वेलाला पाच महिन्यांत नुसता पाला आला आहे, सुरणाचा दांडा कोसळला आहे आणि हळदीची पानेही कडेने सुकू लागली आहेत. तेव्हा सगळ्या कुंड्या एकदाच रिकाम्या करून मेथी-कोथिंबीर पेरावी का, आणि भोगीची भाजी घरच्या बागेतली मिळू शकेल का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर असे की निम्मी बाग जरूर काढावी, परंतु काढण्यापूर्वी प्रत्येक कुंडीपाशी दोन मिनिटे उभे राहावे. आपल्या यादीत काही झाडे खरोखर संपली आहेत, काही जमिनीखाली काम करीत आहेत आणि एकाचा हंगाम तर आता कुठे सुरू होत आहे. वरून मात्र ही सगळी सारखीच थकलेली दिसतात.

दोडका आणि काकडी यांच्याविषयी शंका नाही. पाऊस गेल्यावर दिवसा कोरडे ऊन आणि पहाटे दव अशी हवा आली की या वेलांवर भुरी पडते. पानावर पीठ चाळल्यासारखी पांढरी पूड दिसते आणि पंधरवड्यात वेल करपतो. म्हाताऱ्या वेलावर फवारणी करीत बसण्यात अर्थ नाही. तो काढावा, परंतु घरच्या कंपोस्टच्या पिंपात घालू नये, कारण घरगुती पिंपात रोगाचे बीज मरेल एवढी उष्णता सहसा तयार होत नाही. काढण्यापूर्वी वेलावर एखादा निबर, तपकिरी झालेला दोडका लटकत असेल तर तो मात्र राखून ठेवावा. हलवल्यावर आतल्या बिया खुळखुळल्या की तो बियाण्यासाठी तयार झाला. पाकिटावर संकरित असे लिहिलेले बियाणे आपण पेरले असेल तर हा खटाटोप करू नये. पुढच्या पिढीत कोणते फळ येईल याचा भरवसा नसतो.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या होऊन जाळीसारख्या दिसत असतील तर तो हळद्या रोग आहे. तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. अशी झाडे भल्या सकाळी, गारठ्यामुळे माशी सुस्त असताना काढावीत आणि लगेच पिशवीत बांधावीत. दुपारी झाड हलवले की माशांचा थवा उठून शेजारच्या टोमॅटोच्या रोपांवर जातो. भेंडी उपटल्यावर मुळे पाण्यात धुऊन अवश्य पाहावीत. मुळेच जागोजाग सुजून गाठाळ झाली असतील तर मातीत सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म जंत, आहेत असे समजावे. चवळीच्या मुळांवरही गाठी असतात, परंतु त्या हिताच्या. नखाने सहज सुटतात आणि फोडल्यावर आत गुलाबी दिसतात. सूत्रकृमींची गाठ मुळापासून सुटत नाही, कारण ती फुगलेले मूळच असते. अशा मातीत टोमॅटो, वांगे किंवा गाजर लावू नये. मी तिथे झेंडू लावते, आणि एप्रिल-मे महिन्यांत ती माती ओलसर करून पारदर्शक प्लॅस्टिकखाली उन्हात तापवते. चवळी संपली असेल तर ती उपटण्याऐवजी मातीच्या पातळीवर कापावी, म्हणजे मुळे आणि त्यांवरच्या गाठी आतच कुजतात.

आता वाल. आपल्या प्रश्नात "पाच महिने खत-पाणी घालूनही फूल नाही, जात खराब असावी" असे वाक्य आहे, आणि ते वाचून मला माझी स्वतःची फजिती आठवली. गच्चीवर बाग सुरू केली त्या पहिल्या वर्षी सासूबाईंनी अलिबागहून आणलेले वालाचे बी मी आषाढात पेरले. वेलाने कठडा झाकला, शेजारच्या दोऱ्या बळकावल्या, आणि फूल म्हणून एक नाही. नवरात्रात घटासाठी माती हवी म्हणून मी तो वैतागून उपटला. त्याच बियांतल्या चार बिया खालच्या मजल्यावरच्या वहिनींना दिल्या होत्या. त्यांनी केवळ आळसामुळे वेल ठेवला आणि मार्गशीर्षात त्यांच्याकडून आमच्याकडे पाटी भरून शेंगा आल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त शेंगा सोलताना माझ्याकडे एकदा पाहिले.

यामागचे कारण दिवसाच्या लांबीत आहे. वेलावर चढणारे बहुतेक देशी वाल, वालपापडी आणि पावटा दिवस लहान आणि रात्र मोठी झाल्याशिवाय फुलावर येत नाहीत. पुण्यात जूनअखेरीचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो आणि डिसेंबरअखेरीचा सुमारे 11 तासांचा; आपल्याला हा फरक फारसा जाणवत नाही, वालाला मात्र तो नेमका कळतो. म्हणून जूनमध्ये पेरलेला वेल पावसाळाभर पाला वाढवतो, दसरा-दिवाळीच्या सुमारास तुरे काढतो आणि पौषापर्यंत शेंगा देत राहतो. आपला वेल हिरवा असेल तर त्याला हात लावू नये. नत्रयुक्त खत पूर्ण बंद करावे, खालची पिवळी पाने काढावीत, पाणी थोडे कमी करावे आणि शेंड्यांपाशी जांभळे किंवा पांढरे तुरे दिसतात का ते रोज पाहावे. गच्चीवरचा दिवा रात्रभर वेलावर पडत असेल तर तो विझवावा. मोठ्या रात्रीची वाट पाहणाऱ्या झाडाची रात्र त्या उजेडाने मोडते आणि फूल लांबते. ज्यांना ही प्रतीक्षा नको असेल त्यांच्यासाठी बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या अर्का जय आणि अर्का विजय या बुटक्या जाती आहेत. त्या दिवसाच्या लांबीवर अवलंबून नसतात. एक सावधगिरी मात्र बाळगावी: घेवडा हे नाव आपल्याकडे वालालाही आणि श्रावणघेवड्यालाही, अशा दोन वेगळ्या झाडांना वापरले जाते. श्रावणघेवडा ही निराळी शेंग आहे. ती जूनमध्ये पेरली असेल तर केव्हाच संपली, आणि तिचे वाळके झाड ठेवून काही मिळणार नाही.

सुरण, हळद आणि कोनफळ यांचे पिवळे पडणे हे पक्व होण्याचे लक्षण आहे. या काळात पानांतला साठा खाली कंदात उतरत असतो, म्हणून पिवळी पण अजून जिवंत असलेली पाने कापू नयेत. सुरणाचा दांडा आपोआप आडवा होऊन वाळला की पाणी बंद करून दोन-तीन आठवड्यांनी कंद काढता येतो. हळदीला घाई अजिबात चालत नाही. अक्षय्य तृतीयेपासून ज्येष्ठापर्यंत केव्हाही लावलेली असली तरी तिला आठ-नऊ महिने लागतात, म्हणजे आपली कुंडी माघाच्या सुमारास तयार होईल. आता खणल्यास ओली हळद मिळेल, लोणच्यालाही चालेल, पण कंद बारीक निघतील.

वांगे आणि मिरची यांना आपण वार्षिक समजतो, वस्तुतः ती दोन-तीन वर्षे टिकू शकतात. वांग्याचे खोड निरोगी असेल तर ते जमिनीपासून साधारण वीतभर ठेवून छाटावे, मूठभर शेणखत द्यावे. सहा ते आठ आठवड्यांत नवे फळ धरते. मिरचीची पाने वळून चुरडल्यासारखी झाली असतील तर ते झाड काढून टाकावे. निरोगी मिरचीचे केवळ शेंडे खुडावेत. थंडीत तिची वाढ मंदावते, त्याची काळजी करू नये.

पेरणीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते, कारण तिच्याकडे गच्चीवरचे जुने बागकर्तेही दुर्लक्ष करतात. जूनमध्ये पुण्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरमध्ये तो दक्षिणेला झुकतो आणि भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे 48 अंशांपर्यंतच चढतो. त्यामुळे दक्षिणेकडच्या कठड्याची सावली भर दुपारीसुद्धा जवळजवळ कठड्याच्या उंचीएवढी लांब पडते. कठडा 1 मीटर उंच असेल तर त्याला टेकून ठेवलेल्या सगळ्या कुंड्या हिवाळाभर सावलीत राहतात, मग पावसाळ्यात तिथे दोडका कितीही फोफावलेला असो. "मागच्या वर्षी याच जागी छान आले होते" ही तक्रार मी दर डिसेंबरात ऐकते आणि बहुधा कारण हेच निघते. फळभाज्या, गाजर आणि मटार यांच्या कुंड्या उत्तरेकडच्या कठड्यापाशी हलवाव्यात, किंवा दक्षिणेकडच्या कुंड्या विटांवर चढवाव्यात. पालक, पुदिना आणि कोथिंबीर यांना तीन-चार तासांचे ऊन पुरते. त्या सावलीच्या पट्ट्याच्या कडेला ठेवाव्यात. हा हिशेब आपल्या गच्चीवर एका रविवारी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता खडूने सावलीची रेघ ओढून करता येतो.

भोगीचा प्रश्न दिवस मोजून सुटतो. भोगी 13 किंवा 14 जानेवारीला येते, म्हणजे आज नोव्हेंबरच्या मध्यावर आपल्या हाती सुमारे 60 दिवस आहेत. वाल आणि पावटा वेलावर असतीलच. आज छाटलेले वांगे वेळेवर फळ देऊ शकेल. मुळ्याला 40 ते 50 दिवस पुरतात. कांदे आज मातीत खोचले तर पात कितीतरी आधी मिळेल. गाजराला मात्र 75 ते 90 दिवस लागतात, तेव्हा भोगीला बोटाएवढी कोवळी गाजरे उपटण्याची तयारी असेल तरच ती त्या यादीत धरावीत. गाजर जागेवरच पेरावे, रोप करून हलवू नये. माती चाळणीने चाळलेली असावी आणि तिच्यात ताजे शेणखत नसावे, अन्यथा एका गाजराला तीन पाय फुटतात. मटारच्या लवकर येणाऱ्या जातीची पहिली शेंग कदाचित मिळेल. हरभऱ्याचे सोलाणे या भोगीला बाजारातूनच आणावे लागतील. त्यासाठी पेरणी दसऱ्याच्या सुमारास व्हायला हवी होती. तरीही हरभरा जरूर पेरावा, कारण महिन्याभरात शेंडे खुडून त्याची पालेभाजी करता येते आणि खुडल्याने झाड अधिक फुटते. बाजारात दुर्मीळ झालेला चाकवत याच दिवसांत पेरावा, असा माझा आग्रह आहे. ताकातल्या चाकवताची चव ज्यांनी घेतली आहे त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही.

मेथी तीन-चार दिवसांत उगवते आणि महिन्याभरात कापणीला येते. कोथिंबिरीचे धणे आधी हलके रगडून दोन फाका करावेत. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात, तेवढा धीर धरावा. दोन्ही एकदम न पेरता दर दहा-बारा दिवसांनी एकेक कुंडी पेरावी, म्हणजे सगळी मेथी एकाच आठवड्यात कापण्याची वेळ येत नाही. लसूण आत्ताच लावावी. गड्ड्याच्या बाहेरच्या जाड पाकळ्याच घ्याव्यात, टोक वर ठेवावे. गड्डे काढायला सुमारे चार महिने लागतील, पण मधल्या काळात थोडी पात कापता येते. कोबीवर्गातले काही हवे असल्यास नवलकोल लावावा; लावणीनंतर 50 ते 60 दिवसांत तो हमखास येतो. फ्लॉवरची मी कुंडीसाठी शिफारस करीत नाही. त्याच्या लवकर, मध्यम आणि उशिरा येणाऱ्या जाती वेगवेगळ्या तापमानाला बांधलेल्या असतात, आणि पुसा दीपालीसारखी लवकरची जात नोव्हेंबरात लावली तर झाड वाढण्यापूर्वीच सुपारीएवढा गड्डा धरून थांबते. रोपवाटिकेत बहुधा "फ्लॉवर आहे" एवढेच सांगतात, जातीचे नाव सांगत नाहीत.

पाण्याचा क्रम बदलावा. ऑक्टोबरात दिवसातून दोनदा द्यावे लागणारे पाणी आता एकदा, काही कुंड्यांना एक दिवसाआड पुरते. बोट दोन पेरे मातीत घालून ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. ते सकाळी आणि मातीवरच द्यावे, संध्याकाळी पाने भिजवू नयेत. भुरी वालावर आणि मटारावर पुन्हा येणारच. पहिला ठिपका दिसताच पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला 2 ग्रॅम या प्रमाणात, ऊन उतरल्यावर फवारावे. त्यानंतर काही दिवस शेंगा तोडू नयेत, आणि तोडल्यावर स्वच्छ धुवाव्यात. ढगाळ हवा आली की वालाच्या कोवळ्या तुऱ्यांवर काळा मावा चढतो. सुरुवातीला तो बोटांनी पुसून किंवा पाण्याच्या जोरदार धारेने पाडावा. वाढल्यास 5 टक्के निंबोळी अर्क आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारावा. माव्यामध्ये लाल पाठीचे ठिपकेदार ढालकिडे फिरताना दिसले तर फवारणी थांबवावी, ते आपले काम करीत असतात.

राहिली हळदीची कुंडी. ती अडकून पडली असे वाटत असल्यास तिच्या कडेने आजच मेथी पेरावी. मेथीची मुळे कंदांना अडथळा करीत नाहीत, आणि हळद काढायच्या आधी पंधरा दिवस पाणी तोडावे लागेल तोवर त्या मेथीच्या दोन पेरण्या कापून झालेल्या असतील.