जीर्ण, अजीर्ण आणि सॅलॅमँडर

सोलापुरातील एका वाचकांनी विचारले आहे की, तुटलेला पाय पुन्हा उगवणाऱ्या सॅलॅमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्याला येथील व्याख्यानांतून ‘अजरामर’ म्हटले जाते, ते योग्य आहे काय? योग्य नाही. पाळलेला, सॅलॅमँडरचीच एक जात असलेला अ‍ॅक्सोलॉटल साधारणपणे १० ते १५ वर्षे जगतो, तेव्हा ‘अमर’ हे विशेषण त्याला लागूच पडत नाही. पायाच्या पुनर्जननाला ‘पुनर्जन्म’ म्हणणे तर त्याहून चुकीचे आहे आणि तेही सतत कानावर पडते.

विचार करण्याजोगा शब्द ‘अजर’ हा आहे. त्यातील ‘जॄ’ धातूचा अर्थ संस्कृत धातूंच्या धातुपाठ या यादीत ‘वयोहानौ’ म्हणजे वय ओसरणे असा दिला आहे आणि तेवढ्यावर विसंबून काही जाणकार ‘पचणे’ हा अर्थ गौण ठरवतात. मला हे मुळीच मान्य नाही. जीर्ण वस्त्रातला धातूच ‘अजीर्णा’त आहे, अगस्त्यांनी पोटावरून हात फिरवत पोटात गेलेल्या वातापी राक्षसाला ‘जीर्णो भव’ म्हटले, ते ‘म्हातारा हो’ अशा अर्थाने नव्हे. मराठीने तर याच धातूपासून आलेले ‘जिरणे’ अन्नाला, पाण्याला आणि गर्वालाही लावले. आमच्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात बांध घालून पाणी जिरवणारा शेतकरी आणि म्हाताऱ्याला ‘गेरोन’ म्हणणारा प्राचीन ग्रीक एकाच मुळाचा शब्द उच्चारतात! झिजत झिजत नाहीसे होणे ही मूळ कल्पना असून पचन आणि वार्धक्य ही तिचीच दोन रूपे आहेत, असे माझे ठाम मत आहे.

सॅलॅमँडर या मताला बळ देतो. विभाजन थांबलेल्या, पण न मरता भोवती दाह वाढवणारी द्रव्ये सोडत राहणाऱ्या पेशी माणसाच्या शरीरात वयाबरोबर साठत जातात. मॅक्सिमिना युन, जेरेमी ब्रॉक्स आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये लंडनमधून प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, सॅलॅमँडरचा पाय पुन्हा वाढतानाही अशा पेशी निर्माण होतात. परंतु मॅक्रोफेज या भक्षक पेशी त्यांचा फडशा पाडतात, त्यामुळे पाय वारंवार उगवला तरी त्या साठत नाहीत. त्याआधी २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत भक्षक पेशी काढून घेतल्यावर अ‍ॅक्सोलॉटलचा पाय उगवलाच नव्हता. सॅलॅमँडर विभाजन थांबलेल्या पेशी जिरवतो. आपल्याला मात्र त्यांचे अजीर्ण होते.

म्हणूनच या पेशींना ‘वृद्ध पेशी’ म्हणणे मला खटकते. ‘वृध्’ म्हणजे वाढणे, आणि या पेशींची वाढ तर थांबलेली असते. त्यांना ‘जीर्ण पेशी’ म्हणावे.